घरच्या आठवणींसाठी हार्ड डिस्क: निवड, बॅकअप आणि सांभाळ

२०१६ च्या मे महिन्यात माझी एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क चालू असताना टेबलावरून फरशीवर पडली. उंची जेमतेम अडीच फूट होती आणि डिस्कवर ओरखडाही उमटला नव्हता, पण पुन्हा जोडल्यावर आतून टक्‌टक् असा आवाज येऊ लागला आणि संगणकाला ती दिसेनाशी झाली. तिच्यावर आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची ११ ध्वनिमुद्रणे होती. त्यांपैकी ४ एका जुन्या मेमरी कार्डावर सापडली. बाकीची ७ कायमची गेली, आणि पुन्हा म्हणून घ्यायला तोवर आजी राहिली नव्हती.

पुढे २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या आमच्या घरातला संगणक आणि कपाटातली डिस्क ही दोन्ही चिखलात गेली. त्या वेळी मात्र आमची एकही फाइल गेली नाही, कारण मे महिन्यापर्यंतचे सर्व काही पुण्याला बहिणीकडच्या डिस्कवर होते आणि त्यानंतरचे थोडेफार क्लाउडवर होते. या दोन घटनांच्या मधल्या पाच वर्षांत विचारत, वाचत आणि चुकत जे समजले, ते घरातले फोटो, ध्वनिमुद्रणे आणि कागदपत्रे पहिल्यांदाच नीट साठवायला निघालेल्यांसाठी येथे क्रमाने लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाचे प्रथम सांगते. तुमच्याजवळ एका मोठ्या डिस्कचे पैसे असतील, तर त्याच पैशांत दोन लहान डिस्क घ्याव्यात. पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना या एका निर्णयावर उभ्या आहेत.

१. खरेदीपूर्वी मोजमाप करा

दुकानात जाण्याआधी घरातला डेटा किती आहे, हे बघावे. फोन, लॅपटॉप, जुने पेन ड्राइव्ह, सीडी आणि मेमरी कार्डे एकदा टेबलावर मांडून प्रत्येकावर किती जीबी भरलेले आहे, याची कागदावर नोंद करावी. हिशेबासाठी काही ढोबळ आकडे उपयोगी पडतात. फोनवरचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो, म्हणजे २०,००० फोटोंना ८० जीबीच्या आसपास जागा लागते. खरी जागा व्हिडिओ खातात, कारण फोनवर फोर-के दर्जाने केलेले चित्रीकरण मिनिटाला सुमारे १७० ते ३५० एमबी घेते आणि तासाभराच्या लग्नविधीचे १० ते २० जीबी सहज होतात. सीडीच्या दर्जाचे, न दाबलेले (म्हणजे आकार लहान न केलेले) ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे १० एमबी होते. स्कॅन केलेले सातबारा, खरेदीखते आणि गुणपत्रिका या मानाने नगण्य जागा घेतात.

आलेल्या बेरजेच्या दुप्पट ते तिप्पट क्षमतेची डिस्क पुढची चार-पाच वर्षे पुरते. बहुतेक घरांना १ किंवा २ टीबी पुरेसे असतात.

येथेच एक नेहमीचा गैरसमज दूर करते. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते, यात फसवणूक नसते. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून २ टीबीची डिस्क १.८१ टीबी आणि ४ टीबीची ३.६३ टीबी दिसते. मॅकवर मात्र हजाराच्याच पटीत मोजणी होते, त्यामुळे तिथे हा फरक जाणवत नाही.

२. काय काय जवळ हवे

- एकाच क्षमतेच्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क, शक्य असल्यास वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंवा निदान वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या
- डिस्कबरोबर आलेली मूळ केबल आणि तशीच एक जादा केबल
- प्रत्येक डिस्कसाठी कडक कवचाची, आत मऊ अस्तर असलेली पेटी
- सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा
- खरेदीचे पक्के बिल, त्यावर डिस्कचा अनुक्रमांक लिहून घेतलेला, आणि त्या बिलाचा फोटो
- डिस्कची प्रकृती दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर, लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स
- एक साधी वही

वहीची गरज सुरुवातीला पटत नाही. तीन वर्षांनी कोणत्या डिस्कवर काय आहे आणि पासवर्ड कोणता ठेवला होता, हे आठवेनासे होते, तेव्हा ती वहीच कामी येते.

३. हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी

हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेत फिरत असतात आणि वाचणारे-लिहिणारे शीर्ष त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. तबकडी फिरत असताना धक्का बसला, तर ते शीर्ष तबकडीवर आदळते. माझ्या डिस्कचे तेच झाले. एसएसडीमध्ये फिरणारा कोणताही भाग नसतो, त्यामुळे ती पडझड सोसते, आकाराने लहान असते आणि कितीतरी वेगवान असते. मग सगळ्यांनी एसएसडीच का घेऊ नये, असा प्रश्न साहजिकच पडतो.

याला दोन कारणे आहेत. पहिले कारण किमतीचे आहे, कारण त्याच क्षमतेची एसएसडी बरीच महाग पडते. दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. एसएसडीमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठवलेली असते आणि वीज न मिळता ती वर्षानुवर्षे पडून राहिली, तर तो भार हळूहळू झिरपून जातो. उष्णतेत ही गळती वाढते. घरगुती वापराच्या एसएसडीसाठी जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेने घातलेली अट अशी आहे की, लेखनाची ठरवून दिलेली मर्यादा पूर्ण वापरून झाल्यावरही ३० अंश सेल्सियस तापमानात विजेविना एक वर्ष माहिती टिकली पाहिजे. नवी, कमी वापरलेली एसएसडी त्याहून बराच जास्त काळ टिकते. तरीही कपाटात ठेवून पाच वर्षांनी उघडायच्या साठ्यासाठी मी ती निवडणार नाही. रोजच्या कामासाठी आणि प्रवासात नेण्यासाठी एसएसडी घ्यावी आणि कपाटातल्या प्रतीसाठी हार्ड डिस्क घ्यावी, अशी माझी विभागणी आहे.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांचा उपयोग फाइल एका जागेहून दुसरीकडे नेण्यापुरता करावा. एकमेव प्रत त्यांच्यावर कधीही ठेवू नये.

हार्ड डिस्कमध्येही दोन आकार मिळतात. अडीच इंची डिस्क यूएसबी केबलमधूनच वीज घेते आणि हाताळायला सोपी असते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो, पण मोठ्या क्षमतेत ती स्वस्त पडते. एका ठिकाणी स्थिर ठेवायची असेल तर साडेतीन इंची, ने-आण करायची असेल तर अडीच इंची घ्यावी. साडेतीन इंचीच्या अ‍ॅडॅप्टरवर पहिल्याच दिवशी चिठ्ठी चिकटवा. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर चुकून तिला जोडला, तर डिस्कचे सर्किट जळू शकते.

४. खरेदी करताना

आज जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकीची नावे दिसतात ती बहुधा यांच्याच डिस्कवर चढवलेल्या पेट्यांची असतात. कोणती कंपनी उत्तम, या वादात फार वेळ घालवू नये, कारण प्रत्येकीच्या डिस्क बिघडतात आणि आपली तयारी त्या बिघाडासाठीच असते.

हजार-दोन हजार रुपयांत १६ टीबी क्षमतेची खिशात मावणारी एसएसडी, अशा जाहिरातींपासून दूर राहावे. अशा पेटीत प्रत्यक्षात लहानशी मेमरी असते आणि संगणकाला खोटी क्षमता सांगणारी चिप बसवलेली असते. फाइली चढताना दिसतात, नावेही दिसतात, पण खरी जागा संपल्यावर पुढचा डेटा आधीच्या डेटावर लिहिला जातो किंवा नाहीसा होतो, आणि हे सहसा महिन्यांनंतर लक्षात येते. मोठ्या ऑनलाइन बाजारांतही विक्रेते निरनिराळे असतात, म्हणून विक्रेत्याचे नाव तपासावे. डिस्क हातात पडताच तिचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरील वॉरंटी तपासणीत घालून पाहावा. भारतातल्या अधिकृत विक्रीची नसलेली डिस्क तिथे चटकन ओळखू येते.

वॉरंटीबद्दल एक गोष्ट आधीच समजून घ्यावी, म्हणजे पुढे मनस्ताप होत नाही. वॉरंटीत दुसरी डिस्क मिळते, तुमचा डेटा मिळत नाही. २०१६ मध्ये मला नवी डिस्क तीन आठवड्यांत मिळाली आणि त्यासाठी जुनी परत पाठवावी लागली. त्या वेळी मी ती पाठवली, आणि ही चूक मला आजही बोचते. ज्या डिस्कवरची माहिती अमूल्य आहे, ती वॉरंटीसाठी परत देण्याआधी डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकार प्रयोगशाळेला दाखवावी, कारण एकदा दिलेली डिस्क पुन्हा हाती येत नाही.

आणखी एक बाब माहीत असलेली बरी. डिस्कवर माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएमआर पद्धतीत पट्टे शेजारी-शेजारी असतात. एसएमआर पद्धतीत ते कौलांच्या रांगांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते, पण मधले एक कौल बदलायचे तर वरची कौले उचलावी लागतात, तसेच येथेही एक तुकडा बदलताना शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात आणि डिस्क मंदावते. अडीच इंची मोठ्या डिस्क आज बहुतांशी एसएमआरच असतात. एकदा भरून ठेवायच्या बॅकअपसाठी याने काही बिघडत नाही. सतत बदलणाऱ्या कामासाठी किंवा अनेक डिस्क एकत्र बांधून नेटवर्कवर जोडणाऱ्या नॅस या पेटीसाठी मात्र सीएमआर आहे की नाही, हे कंपनीच्या तपशीलपत्रकात पाहूनच घ्यावे. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क न सांगता एसएमआर पद्धतीच्या निघाल्याचे उघड झाले होते, आणि तेव्हापासून कंपन्या ही माहिती अधिक स्पष्टपणे देऊ लागल्या.

५. पहिल्या दिवसाची तपासणी

नवी डिस्क आणली की लगेच फोटो चढवायला बसू नये. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून डिस्क एकूण किती तास चालली आहे, तो आकडा पाहावा. नव्या डिस्कवर तो शून्य किंवा जेमतेम काही तास असायला हवा. हजारो तास दिसले, तर जुनी डिस्क नव्या खोक्यात घालून दिली आहे, असे समजून परत करावी.

त्यानंतर पूर्ण क्षमतेची परीक्षा घ्यावी. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री ही मोफत साधने डिस्क काठोकाठ भरतात आणि लिहिलेले सगळे परत वाचून पडताळतात. २ टीबीच्या डिस्कला यासाठी अकरा-बारा तास लागू शकतात, म्हणून रात्री लावून ठेवावे. बनावट क्षमता यात उघडी पडते आणि कारखान्यातून सदोष आलेली डिस्कही बहुधा याच रात्री लक्षात येते.

मग फॉरमॅटचा, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचा, प्रश्न येतो. घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस ठेवावे. फक्त मॅक असेल तर एपीएफएस ठेवावे. दोन्ही असतील तर एक्सफॅट ठेवावे, कारण मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅटमध्ये बदलांची नोंदवही ठेवली जात नाही, त्यामुळे काम चालू असताना केबल निघाली तर नुकसान होण्याचा संभव तिथे जास्त असतो. फॅट३२ टाळावे, कारण त्यात ४ जीबीहून मोठी एकही फाइल मावत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथे अडतो.

फॉरमॅटचे बटण दाबण्याआधी ड्राइव्हचे अक्षर आणि क्षमता दोनदा वाचा. दोन सारख्या डिस्क एकाच वेळी जोडून फॉरमॅट करायला कधीही बसू नका. नवी डिस्क समजून भरलेली डिस्क पुसली गेल्याचे प्रकार मी जवळून पाहिले आहेत.

६. प्रती कोठे-कोठे ठेवाव्यात

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा तीन-दोन-एक हा नियम घरासाठीही चोख आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आमच्या घरी त्याचे रूप असे आहे. पहिली प्रत संगणकावर असते. दुसरी प्रत डिस्क ‘क’वर असते आणि ती पुरानंतर माळ्यावरच्या कपाटात गेली आहे. तिसरी प्रत डिस्क ‘ख’वर असते आणि ती पुण्याला बहिणीकडे असते. बहीण गणपतीला आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरी येते, तेव्हा ‘ख’ घेऊन येते आणि जाताना नुकतीच भरलेली ‘क’ घेऊन जाते. वर्षातून दोनदा अशी अदलाबदल होते आणि तिच्यासाठी वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. तुमच्या घरीही ज्या निमित्ताने माणसे हमखास येतात, त्याच निमित्ताला ही अदलाबदल बांधावी.

दोन अदलाबदलींच्या मधल्या महिन्यांत जे नवे जमते, त्यासाठी क्लाउड उपयोगी पडतो. गुगलची १५ जीबी मोफत जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, हे लक्षात घेऊन तिथे कागदपत्रे आणि निवडक फोटो ठेवावेत.

येथे तीन सापळे आहेत. पहिला सापळा समक्रमणाचा, म्हणजे सिंकचा. फोनवरच्या गुगल फोटोमध्ये फोटो पुसला की तो क्लाउडवरूनही जातो आणि फक्त ६० दिवस कचरापेटीत राहतो, म्हणून समक्रमणाला बॅकअप समजू नये. दुसरा सापळा व्हॉट्सअ‍ॅपचा. समूहात आलेले फोटो दाबून लहान केलेले असतात. घरच्या कार्याचे मूळ फोटो हवे असतील, तर ज्याने काढले त्याच्याकडून ते डॉक्युमेंट म्हणून मागवावेत किंवा प्रत्यक्ष डिस्कवर घ्यावेत. तिसरा सापळा रेडचा. दोन डिस्क आरशासारख्या जोडणारी व्यवस्था एक डिस्क बिघडली तरी काम चालू ठेवते, परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी जाते आणि पाणी शिरले तर दोन्ही एकाच पेटीत भिजतात.

७. प्रत्यक्ष बॅकअप

आधी सगळे एका ठिकाणी आणावे. वर्ष आणि प्रसंग यांनुसार फोल्डर करावेत, उदाहरणार्थ ‘२०१४-०५ माईचे लग्न’. वर्ष आधी आणि महिना दोन आकड्यांत लिहिल्याने फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतात. आवाजाच्या फाइलींना नाव देताना कोणी, कोठे, काय म्हटले हे त्यात लिहावे, कारण दहा वर्षांनी तो आवाज ओळखणारे कोणी घरात असेलच, असे नाही.

क्लाउडवरचे फोटो खाली उतरवण्यासाठी गुगलची टेकआउट ही सोय आहे. फाइलींचे तुकडे किती मोठे हवेत, हे तिथे ठरवता येते. आपल्याकडचे नेट मध्येच तुटते, म्हणून मी लहान तुकडे निवडते.

केबलकडे नीट लक्ष द्यावे. यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये, जो बहुधा आतून निळा असतो, साधी हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १०० एमबी वेगाने चालते आणि १ टीबी पावणेतीन तासांत उतरते. तीच डिस्क यूएसबी २ च्या पोर्टला लावली तर नऊ-साडेनऊ तास लागतात. टाइप-सी डिस्कला फोनच्या चार्जरची केबल लावली, तरी वेग असाच पडतो, कारण अशा अनेक केबलींत यूएसबी २ च्याच तारा असतात. हजारो लहान फाइली असतील तर याहून जास्त वेळ लागतो, आणि तो बिघाड नसतो.

विंडोजमध्ये फाइल हिस्टरी, मॅकमध्ये टाइम मशीन आणि लिनक्समध्ये आरसिंक किंवा देजा दुप ही साधने आधीच असतात किंवा सहज मिळतात. टाइम मशीनला एक पूर्ण डिस्क वेगळी द्यावी. मी विंडोजवर फ्रीफाइलसिंक वापरते, कारण कोणती फाइल नवी, कोणती बदललेली आणि कोणती पुसली जाणार, हे ते आधी दाखवते आणि मगच काम सुरू करते.

या टप्प्यावरचा सर्वांत घातक पर्याय म्हणजे ‘मिरर’. मिरर म्हणजे दुसरी बाजू पहिलीसारखी हुबेहूब करणे. मूळ फोल्डर चुकून रिकामा झाला असेल, तर मिरर तुमचा बॅकअपही तितकाच रिकामा करतो. विंडोजमधल्या रोबोकॉपी या कॉपी करणाऱ्या आज्ञेचा तसाच पर्याय वापरताना दोन्ही ठिकाणांची अदलाबदल झाली, तर जुना डेटा नव्यावर चढून नवा नाहीसा होतो. नवख्यांनी ‘अपडेट’ हा पर्याय घ्यावा, किंवा पुसलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात जपणारी व्हर्जनिंगची सोय चालू ठेवावी.

काम झाले की डिस्क काढून ठेवावी. संगणकात खंडणीखोर विषाणू शिरला, जसा मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला, तर तो जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतो. कपाटातल्या डिस्कपर्यंत तो पोहोचू शकत नाही.

पॅन, पासपोर्ट, बँकेची आणि जमिनीची कागदपत्रे डिस्कवर असतील आणि ती डिस्क घराबाहेर जाणार असेल, तर ती कूटबद्ध करावी, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करावी. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असतो. होम आवृत्तीवर आणि मॅक-लिनक्सवर व्हेराक्रिप्ट हे मोफत साधन चालते. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की आणि पासवर्ड कागदावर लिहून, रेशनकार्ड ठेवता तिथे, म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसालाही ठाऊक असलेल्या जागी, ठेवावेत. पासवर्ड हरवला तर आतली माहिती कोणीही परत देऊ शकत नाही. याच कारणाने मी फोटो आणि आवाज कूटबद्ध करत नाही; फक्त कागदपत्रांचा फोल्डर कुलूपबंद ठेवते.

८. परत घेऊन पाहा

दर अदलाबदलीच्या वेळी दुसऱ्याच संगणकावर डिस्क जोडून, वेगवेगळ्या वर्षांतल्या दहा-बारा फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. नाव दिसले म्हणून समाधान मानू नये. व्हिडिओ मधूनच चालवून पाहावा, आवाज शेवटपर्यंत ऐकावा. एकदा आमच्या एका फोल्डरातली सगळी नावे जागेवर होती आणि प्रत्येक फाइल शून्य केबीची होती, कारण कॉपी चालू असताना वीज गेली होती. हे वेळेवर कळले, कारण उघडून पाहिले.

ज्यांना पक्की खात्री हवी आहे, त्यांनी प्रत्येक फाइलीची शा-२५६ ही खूणसंख्या काढून जतन करावी. फाइलीतला एक बिट जरी बदलला, तरी ही संख्या बदलते. विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने ती काढता येते.

९. पावसाळा, वीज आणि ने-आण

कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतल्या दमटपणाने जोडणीच्या धातूवर गंज चढतो. डिस्क सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि पुड्या दर दोन महिन्यांनी बदलाव्यात. मात्र चालू डिस्क कधीही डब्यात किंवा कापडाखाली ठेवू नये, कारण ती तापते. थंड गाडीतून दमट खोलीत आणलेली डिस्क तास-दोन तास तशीच राहू द्यावी, म्हणजे आत दव धरले असेल तर ते सुकते, आणि मगच जोडावी. लाउडस्पीकर, मिक्सर आणि फ्रिजच्या स्टॅबिलायझरशेजारी तिला जागा देऊ नये.

लोड शेडिंग असणाऱ्या भागात डेस्कटॉप संगणकाला यूपीएस असल्याशिवाय मोठी कॉपी सुरू करू नये. केबल ओढण्याआधी ‘सेफली रिमूव्ह’ करावे आणि तबकड्या थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद डिस्क जागची हलवू नये. चालू डिस्क टेबलाच्या कडेपासून दूर, आडवी आणि सपाट ठेवावी. फक्त हा एक नियम मी पाळला असता, तर आज ११ ओव्या असत्या.

बंद डिस्क वर्षातून निदान दोनदा तासभर चालवावी.

१०. बिघाडाची चाहूल

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दर तीन महिन्यांनी तीन ओळी पाहाव्यात: क्रमांक ०५, म्हणजे बदलून टाकलेले खराब भाग; सी५, म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले भाग; आणि सी६, म्हणजे दुरुस्त न होणारे भाग. या तिन्हींची कच्ची संख्या (रॉ व्हॅल्यू) शून्य असावी. ती शून्याहून जास्त झाली आणि दर तपासणीला वाढत असेल, तर डिस्क अजून चालत असली तरी त्याच आठवड्यात नवी आणावी. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो आणि केबल बदलून काम भागते.

टक्‌टक् किंवा घासल्याचा आवाज आला, तर तत्क्षणी वीज तोडावी आणि ‘एकदा बघू या’ म्हणून पुन्हा जोडू नये. प्रत्येक प्रयत्नात शीर्ष तबकडीवर आणखी ओरखडे काढते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. त्याने आत दव धरते आणि उरलीसुरली शक्यताही जाते. पेटी घरी उघडू नये. आवाज येत नसेल आणि फक्त फाइली पुसल्या गेल्या असतील, तर त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये आणि परत मिळवणारे सॉफ्टवेअर दुसऱ्या डिस्कवर बसवावे. एसएसडीवर पुसलेली फाइल सहसा परत मिळत नाही, कारण ट्रिम ही व्यवस्था पुसलेली जागा आपोआप रिकामी करते.

पुराच्या पाण्यात गेलेली डिस्क उन्हात वाळवू नये आणि चालू करून पाहू नये. चिखल वाळला की तो तबकडीला चिकटतो. ती तशीच ओलसर, बंद पिशवीत घालून लवकरात लवकर प्रयोगशाळेकडे पाठवावी. दर ठरवण्याआधी तपासणीचे शुल्क वेगळे आहे का आणि डेटा न मिळाल्यास पैसे द्यावे लागतात का, हे लेखी विचारून घ्यावे.

११. जुनी डिस्क निवृत्त करताना

मी कोणतीही डिस्क पाच वर्षांनंतर एकमेव प्रत म्हणून वापरत नाही. तिच्यावरचे सर्व नव्या डिस्कवर उतरवून, पडताळून झाल्यावर ती जादा प्रत म्हणून ठेवते. विकायची किंवा कोणाला द्यायची असेल, तर ‘क्विक फॉरमॅट’ पुरेसे नसते, कारण त्यात फक्त अनुक्रमणिका पुसली जाते आणि मजकूर जागेवरच राहतो. विंडोजमध्ये ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले की सगळीकडे शून्ये लिहिली जातात, त्याला काही तास लागतात. एसएसडीसाठी त्या-त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला सुरक्षित पुसण्याचा पर्याय वापरावा. बंद पडलेली डिस्क भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी, आणि तिच्यावर बँकेची कागदपत्रे असतील तर देण्याआधी तबकड्यांना आरपार भोके पाडून घ्यावीत. त्यानंतर वहीतल्या त्या डिस्कच्या नावावर रेघ मारून, तारीख आणि तिची जागा घेणाऱ्या डिस्कचा अनुक्रमांक लिहावा.